युटिल्सच्या ढिगातून लायब्ररी कशी काढायची

कुठल्याही कंपनीतला पायथन प्रोजेक्ट उघडा, युटिल्स नावाची, म्हणजे किरकोळ मदतनीस कोडची, एक फाइल सापडणारच, आणि प्रोजेक्ट आपल्याकडचा असेल, म्हणजे बिलिंग, पतसंस्था, सोसायटीचा मेंटेनन्स असलं काही, तर त्या फाइलमध्ये रक्कम अक्षरात लिहून देणारं एक फंक्शन हमखास असतं. तेच ते, बिलाच्या तळाशी "अक्षरी रुपये एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न फक्त" छापणारं. ते एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कॉपी होत जातं, प्रत्येक जण त्याला आपापलं ठिगळ लावतो, आणि मग कळतं की एका ठिकाणी शंभर रुपयांना "एकशे रुपये" छापतंय, दुसरीकडे ते दुरुस्त झालंय पण पैसे गायब होतायत. मग कोणीतरी म्हणतं, चला याची लायब्ररीच, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टना वापरता येईल असं वेगळं पॅकेजच, करून टाकू. करा की, पण फाइल उचलून वेगळ्या रिपोमध्ये (कोड ठेवायच्या जागेत) टाकली म्हणजे लायब्ररी झाली असं नाही. इथे मी हेच एक फंक्शन शेवटपर्यंत उदाहरण म्हणून घेतोय आणि पायथनबद्दल बोलतोय, जावास्क्रिप्टवाल्यांनी, जावावाल्यांनी नावं बदलून वाचलं तरी चालेल.

आधी गरज आहे का बघा

पहिल्यांदा लिहिताना लायब्ररी करायची नाही. दुसऱ्यांदा गरज पडली तर सरळ कॉपी करा, लाज वाटून घेऊ नका. तिसऱ्यांदा मात्र थांबा. हा तीनचा नियम जुना आहे आणि त्यामागे कारण आहे: एकाच प्रोजेक्टवरून लायब्ररी काढली की त्या प्रोजेक्टच्या सगळ्या सवयी तिच्यात उतरतात. तीन ठिकाणचे कोड शेजारी शेजारी उघडून बसलात की काय तिन्हीकडे सारखं आहे आणि काय त्या त्या क्लायंटचं खूळ आहे ते आपोआप दिसतं. सारखं आहे तेवढंच लायब्ररीत, खूळ प्रोजेक्टमध्येच राहू दे.

आणि शोधा. खरंच शोधा, दहा मिनिटं तरी. लाख-कोटींचे स्वल्पविराम टाकायचे असतील, १२,३४,५६७ असे, तर पायथनच्या साध्या फॉरमॅटिंगमध्ये ते होत नाही, ते तीन-तीन आकड्यांनीच तोडतं, पण बेबल नावाच्या लायब्ररीत ते आधीपासून आहे. ब्राउझरमध्ये तर इंटल नंबरफॉरमॅट या आयत्या सोयीला मराठी-भारत असं लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, दिलं की देवनागरी आकड्यांसकट बरोबर ग्रुपिंग येतं, एक ओळही लिहावी लागत नाही. त्यामुळे स्वल्पविरामाचं काम आपल्या लायब्ररीत घ्यायचंच नाही. आपण फक्त अक्षरी रक्कम करायची.

रीडमीमध्ये, म्हणजे लायब्ररीसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, पहिल्याच परिच्छेदात लायब्ररी काय करणार नाही ते लिहून टाका. जीएसटी काढणार नाही, पीडीएफ बनवणार नाही, इंग्रजीत लिहून देणार नाही. हे एवढ्यासाठी की सहा महिन्यांनी कोणीतरी येतंच, "तुमच्याकडे रक्कम आहेच तर टॅक्स पण काढून द्या ना", आणि तेव्हा नाही म्हणायला आधी लिहिलेलं काहीतरी दाखवता आलं की भांडण होत नाही.

बाहेरून दिसणारा भाग जितका कमी तितकं बरं

मला विचाराल तर सगळ्या गाइडचा जीव इथे आहे. लायब्ररीच्या आत तुम्ही हवा तो गोंधळ घाला, कधीही आवरता येतो. बाहेर दिसणारं जे आहे, फंक्शनचं नाव, त्याला काय देता येतं, परत काय मिळतं, कुठला एरर येतो, ते एकदा लोकांनी वापरायला घेतलं की तुमच्या हातातून गेलं. म्हणून बाहेर शक्यतो एकच फंक्शन ठेवा, फार तर दोन. आपल्या बाबतीत रक्कम_अक्षरात एवढं एकच पुरे. बाकी सगळ्या मदतनीस फंक्शनांच्या नावाआधी अंडरस्कोर लावा आणि काय सार्वजनिक आहे त्याची यादी पॅकेजच्या इनिट फाइलमध्ये (पॅकेज इम्पोर्ट केलं की चालते ती) स्पष्ट द्या.

आता त्या एका फंक्शनला काय काय द्यायचं यावर जरा वेळ घालवा, कारण पुढचा सगळा त्रास इथूनच येतो. पूर्णांक चालेल, डेसिमल, म्हणजे दशांश जसेच्या तसे ठेवणारा प्रकार, चालेल, स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, चालेल. फ्लोट, म्हणजे दशांश जवळपास साठवणारा प्रकार? माझं मत, घ्यायचाच नाही. पायथनमध्ये २.६७५ हा फ्लोट दोन दशांशापर्यंत राउंड करून बघा, २.६८ येत नाही, २.६७ येतं, कारण तो आकडा मेमरीत मुळात २.६७५ पेक्षा किंचित कमी म्हणूनच साठवलेला असतो. बिलात आकड्यात एक आणि अक्षरात दुसरं छापलं गेलं की मग फोन कोणाला येतो ते वेगळं सांगायला नको. तेव्हा फ्लोट आला की टाइप एरर फेका, आणि एररमध्ये नुसतं "चुकीचा इनपुट" लिहू नका, "फ्लोट चालत नाही, डेसिमल किंवा स्ट्रिंग द्या, उदाहरणार्थ असं" असं पूर्ण वाक्य लिहा. तो एरर रात्री अकरा वाजता वाचणारा माणूस तुमचं डॉक्युमेंटेशन उघडणार नाहीये.

तसंच दोनपेक्षा जास्त दशांश आले तर गुपचूप राउंड करू नका. डेसिमलचं डीफॉल्ट राउंडिंग सम आकड्याकडे जाणारं असतं, म्हणजे बरोबर अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे वळतं, आणि हिशेबवाल्या माणसाच्या डोक्यात बहुतेक वेळा अर्ध्याला वर न्यायचं असतं. कोणाचं बरोबर हे ठरवणं लायब्ररीचं कामच नाही, ते वापरणाऱ्या ॲपचं. एरर द्या, राउंड करून पाठवा म्हणा, विषय संपला.

एक गंमत: पायथनमध्ये बूलियन हा पूर्णांकाचाच एक प्रकार आहे, म्हणजे फंक्शनला चुकून ट्रू गेला तर ते इमानदारीत "एक रुपया" लिहून देईल. तोही अडवा. आणि चांगली गंमत ही की डेसिमलला "१२३.५०" अशी देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग दिली तरी त्याला कळते, त्यासाठी वेगळा कोड लागत नाही. स्वल्पविराम असतील तर मात्र कळत नाही, ते आपण काढायचे की एरर द्यायचा ते ठरवा आणि जे ठरवाल ते लिहा. मी एरर देतो.

ऑप्शन द्यायचेच असतील, उदाहरणार्थ शेवटी "फक्त" लावायचं की नाही, तर ते नाव घेऊनच देता येतील असे ठेवा, क्रमाने नाहीत. पायथनमध्ये मध्ये एक तारा टाकला की काम होतं. नाहीतर कोणीतरी नुसतं ट्रू, फॉल्स, ट्रू असं पाठवतं, वाचणाऱ्याला काही कळत नाही, आणि तुम्हाला पुढे क्रमही बदलता येत नाही. पण दर मागणीला नवा ऑप्शन देत बसू नका. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बत्तीसला "तीस दोन" म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. उद्या एखादा शाळेच्या ॲपवाला येऊन म्हणेल, मला तशी शैली पाहिजे. मागणी खरी आहे, पण बिल छापणाऱ्या बाकीच्यांना तिचा उपयोग शून्य. अशा वेळी शब्दांचं टेबलच बाहेरून देता येईल अशी एक जागा ठेवणं हे शैली नावाचा ऑप्शन वाढवत नेण्यापेक्षा बरं, आणि तेसुद्धा कोणी खरंच मागितल्यावर, आधीपासून नाही.

दुसऱ्याच्या घरात हात घालायचा नाही

लायब्ररी ही कायम दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये पाहुणी असते. म्हणून प्रिंट करायचं नाही. लॉग करायचं, म्हणजे काय घडलं त्याची नोंद ठेवायची असेल तर स्वतःच्या नावाचा लॉगर घ्या, त्याला नल हँडलर (काहीच न लिहिणारा) लावा आणि लॉगिंगचं कॉन्फिगरेशन अजिबात करू नका, ते ॲपवाल्याचं आहे. प्रोग्रॅम बंद करणारा एक्झिट कॉल तर कधीच नाही. इम्पोर्ट केल्या केल्या फाइल वाचणं, नेटवर्कवर जाणं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शोधणं, नको.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पायथनमधलं लोकेल मॉड्यूल. आकडे भारतीय पद्धतीने दाखवायला नेटवर हमखास सल्ला मिळतो, सेटलोकेल करा म्हणून. ते फंक्शन अख्ख्या प्रोसेसचं लोकेल बदलतं, थ्रेडसेफ नाही, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालू असताना सुरक्षित नाही, आणि वर ते लोकेल सर्व्हरवर इन्स्टॉल केलेलं असावं लागतं, डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये ते बहुतेक वेळा नसतंच. ॲपवाल्याने स्वतःच्या जबाबदारीवर केलं तर ठीक, लायब्ररीने आतून केलं तर कुठल्यातरी तिसऱ्याच रिपोर्टमधले आकडे बिघडतात आणि कारण शोधणाऱ्याला अक्षरी रकमेच्या लायब्ररीवर संशय यायचं काही कारणच नसतं.

दुसऱ्या लायब्रऱ्यांवर अवलंबून राहायचं तर तोलून मापून. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यातून, काढून टाकलं आणि बॅबेल, रिॲक्ट या मोठ्या प्रोजेक्टांसकट जगभरचे बिल्ड पडले, कारण कोणाच्या तरी खालच्या कोणाच्या तरी खाली ते बसलेलं होतं. अकरा ओळी. स्ट्रिंगच्या डावीकडे स्पेस भरायचं काम. आपल्या फंक्शनला एकही डिपेंडन्सी लागत नाही, तर शून्यच ठेवा. लागलीच तर लायब्ररीत व्हर्जन अगदी एकावर खिळवून ठेवू नका, "इथपासून पुढे" असं सांगा, कारण दोन लायब्रऱ्यांनी दोन वेगळी व्हर्जन्स खिळवली की बिचाऱ्या ॲपवाल्याला दोन्ही एकत्र टाकताच येत नाहीत. खिळवायचं काम ॲपच्या लॉक फाइलचं, जिच्यात नेमकी व्हर्जन्स लिहिलेली असतात.

टेस्ट

मराठी आकड्यांचं एक आहे की एक ते नव्याण्णव जवळपास प्रत्येक शब्द वेगळा, नियमाने बनवायला गेलात तर फसाल. सरळ टेबल लिहा, आणि ते एका माणसाने लिहून दुसऱ्याने मोठ्याने वाचून तपासा, जमलं तर मराठी शिकवणाऱ्या कोणाकडून तरी. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी इथे डोळे घसरतात. मग टेस्टमध्ये बघा की नव्याण्णवच्या नव्याण्णव शब्द एकमेकांपासून वेगळे आहेत ना, कॉपी-पेस्टमध्ये एखादा दोनदा आलेला तिथेच पकडला जातो. अजून एक टेस्ट जरूर लिहा: टेबलमधल्या कुठल्याच शब्दात झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह, नाहीये. काही कीबोर्डवरून टाइप करताना तो आत शिरतो, स्क्रीनवर शब्द अगदी सारखा दिसतो आणि तुलना केली की फॉल्स येतं, डोकं फिरतं माणसाचं.

बाकी कडेच्या केसेस: शून्य, एक रुपया विरुद्ध दोन रुपये, नुसते पैसे, उणे रक्कम, शंभर विरुद्ध एकशे एक, बरोबर एक लाख, एक लाख एक, आणि शंभर कोटीच्या पुढे काय म्हणायचं, अब्ज की शंभर कोटी. याचं उत्तर बरोबर-चूक नाही, ठरवायचं आहे. शंभर कोटी ठेवा, बिलात अब्ज वाचून लोक बुचकळ्यात पडतात. कव्हरेजच्या, म्हणजे टेस्टनी किती कोड चालवला त्याच्या, टक्क्यांमागे मी फार धावत नाही.

रीडमीमधली उदाहरणं डॉकटेस्टने चालवून बघा, ते पायथनमध्ये आयतंच मिळतं. म्हणजे कोड बदलला आणि उदाहरण जुनं राहिलं असं होत नाही.

व्हर्जनचा आकडा

सिमँटिक व्हर्जनिंग बहुतेकांना तोंडपाठ असतं: तीन आकडे, मोडतोड झाली की पहिला वाढवा, नवीन सोय आली की दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा, आणि शून्यने सुरू होतं तोवर काहीही बदलू शकतं. कागदावर सोपं. आता हे सांगा, टेबलमध्ये "छपन्न" असं पडलं होतं, तुम्ही ते "छप्पन्न" केलं. ही दुरुस्ती की मोडतोड? तुमच्या दृष्टीने शुद्धलेखन सुधारलं, पण कुठल्यातरी ॲपमध्ये जुन्या बिलाचा मजकूर नव्याशी ताडून बघणारी टेस्ट आहे आणि ती आज सकाळपासून लाल आहे. याला हायरमचा नियम म्हणतात: वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या कोडची दिसणारी प्रत्येक वागणूक कोणीतरी धरून बसलेलं असतं, तुम्ही वचन दिलं असो वा नसो.

यातून वाट एकच, काय वचन आहे आणि काय नाही ते आधीच लिहा. "शुद्धलेखनातल्या दुरुस्त्या तिसऱ्या आकड्यात येतील, शब्दरचना बदलली तर पहिला आकडा वाढेल" असं एक वाक्य रीडमीत असलं की वाद झाला तरी दहा मिनिटांत मिटतो. आणि चेंजलॉग माणसांसाठी लिहा. गिटचे कमिट मेसेज तिथे ओतू नका. काय बदललं, कोणाला फरक पडेल, त्यांनी काय करायचं, बस.

काही काढून टाकायचं असेल तर आधी डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे हे पुढे जाणार आहे अशी सूचना, द्या आणि तिला स्टॅकलेव्हल दोन सांगा, म्हणजे वॉर्निंगमध्ये तुमच्या लायब्ररीची ओळ न दिसता ज्याने बोलावलं त्याची ओळ दिसते. पण ही वॉर्निंग पायथन एरवी लपवूनच ठेवतो, पायटेस्ट हे टेस्टचं टूल चालवलं की दिसते, त्यामुळे ज्यांच्याकडे टेस्टच नाहीत त्यांना ती बहुधा दिसणार नाही, म्हणून चेंजलॉगमध्येही लिहायचंच. मुदत भरपूर द्या. खुद्द पायथनने पॅकेज बनवायचं डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल ३.१० मध्ये डेप्रिकेट केलं आणि ३.१२ मध्ये, ऑक्टोबर २०२३ ला काढलं, म्हणजे दोन वर्षं दिली, तरी लोकांचे बिल्ड पडलेच. दुसऱ्या टोकाला एसक्यूलाइट डेटाबेसवाले बघा, २०५० पर्यंत सपोर्ट देणार असं जाहीर करून बसलेत, आणि २००४ पासूनच्या व्हर्जन तीनच्या फाइली आजही उघडतात. आपल्याला तितकं जमणार नाही, पण वाचून बघा ते लोक विचार कसा करतात.

बाहेर काढायची वेळ

कंपनीच्या आतच वापरायची असेल तर सुरुवातीला स्वतःचा पॅकेज सर्व्हर वगैरे काही नको. एक गिट रिपो, त्यात पॅकेजची माहिती लिहायची पायप्रोजेक्ट टॉमल फाइल, आणि प्रत्येक रिलीजला टॅग. पिप, म्हणजे पायथनचा इन्स्टॉलर, थेट त्या टॅगवरून इन्स्टॉल करतो. कोड एसआरसी फोल्डरच्या आत ठेवा, त्यामुळे टेस्ट चुकून रिपोतला कोड न उचलता इन्स्टॉल झालेला उचलतात आणि पॅकेजमध्ये एखादी फाइल राहून गेली असेल तर लगेच कळतं.

पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक पॅकेजांच्या साठ्यावर, टाकायची असेल तर आधी दोन प्रश्न. एक, कोड कोणाचा? नोकरीत लिहिलेला कोड बहुतेक करारांप्रमाणे कंपनीचा असतो, त्यामुळे मेलवर लेखी परवानगी घ्या, चहाच्या टपरीवर "टाक रे, कोण विचारतंय" म्हणाले ते धरू नका. दोन, लायसन्स. लायसन्स फाइल नसेल तर कोड उघडा दिसत असला तरी कायद्याने कोणाला वापरता येत नाही, आणि मोठ्या कंपन्या अशा लायब्ररीला हात लावत नाहीत. छोट्या कामाला एमआयटी लायसन्स बरं. मग आधी टेस्ट पायपीआयवर, म्हणजे सरावाच्या साठ्यावर, टाकून रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करून बघा, कारण खऱ्या पायपीआयवर एकदा गेलेल्या फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही, खराब रिलीज झाली तर ती यँक करायची, म्हणजे मागे घेतल्याची खूण करायची, आणि पुढचा नंबर काढायचा. २०२४ च्या सुरुवातीपासून तिथे टू-फॅक्टर लॉगिन सक्तीचं आहे. टोकन (पासवर्डसारखी किल्ली) लॅपटॉपवर साठवण्यापेक्षा ट्रस्टेड पब्लिशिंग वापरा, गिटहब ॲक्शन्समधून पासवर्डशिवाय रिलीज जाते.

हे टीममध्ये पसरवायचं कसं

नियमांचा पीडीएफ काढून ग्रुपवर टाकला की तो कोणी उघडत नाही. त्यापेक्षा लायब्ररी न लिहिलेल्या एखाद्याला शेजारी बसवा, नुसती रीडमी द्या, आणि त्याने ती आपल्या प्रोजेक्टमध्ये लावेपर्यंत गप्प बसा. गप्प बसणं हेच अवघड आहे. तो जिथे अडखळतो, जिथे "हे काय आहे?" म्हणतो, ती रीडमीतली पुढची दुरुस्ती. नवीन आलेली मुलं यासाठी उत्तम, त्यांना अजून आपल्या सवयी लागलेल्या नसतात. डॉक्युमेंटेशन मराठीत ठेवायला काही हरकत नाही, शब्दच मराठी छापणारी लायब्ररी आहे, पण फंक्शनची नावं आणि एररचा टाइप इंग्रजीतही समजतील असं काहीतरी ठेवा, नाहीतर हैदराबादच्या टीमला उगाच त्रास.

शिकायचं तर दुसऱ्यांचा कोड वाचा, त्यातही वेबवर विनंत्या पाठवणाऱ्या रिक्वेस्ट्ससारख्या लायब्ररीची इनिट फाइल वाचा, एवढ्या कामासाठी बाहेर किती थोडी नावं ठेवलीत बघा. आणि खरं शिक्षण बंद केलेल्या इश्यूंमध्ये, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या मागण्या-तक्रारींमध्ये, असतं. मेंटेनरने कुठल्या मागणीला नाही म्हटलं, कसं म्हटलं, कारण काय दिलं. आपल्याकडेही ठरवलेल्या गोष्टींची छोटी नोंद रिपोतच ठेवा, फ्लोट का नाकारला, अब्ज का नाही, पाच-पाच ओळी. नाहीतर दर वर्षी नवीन माणूस येतो आणि तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

रिलीज करू शकणारी माणसं दोन तरी हवीत. एकाने नोकरी सोडली की लायब्ररी अनाथ होते, आणि मग पुन्हा कोणीतरी तिची फाइल उचलून आपल्या युटिल्समध्ये टाकतं. वेळच नाही असं झालं तर रीडमीच्या अगदी वर सरळ लिहा की आता देखभाल होत नाही, पर्याय माहीत असेल तर त्याचं नाव द्या, रिपो आर्काइव्ह करा. पॅकेज मात्र डिलीट करू नका, कोणाचं तरी मार्चएंडचं बिलिंग त्यावर चालू असेल.